ठिपक्याच्या दाण्यापासून रोगाच्या जनुकापर्यंत



मक्याचं कणीस सोलताना दाण्यांवर जांभळे ठिपके दिसले, की आपण ‘बियाण्यात भेसळ झाली’ म्हणतो आणि कणीस जनावरापुढं टाकतो. अमेरिकेतल्या एका बाईंनी मात्र असे दाणे जपून ठेवले. त्या अभ्यासातूनच पुढं रोगाला अटकाव करणारं जनुक हाती लागलं. ती हकिगत आज सांगायची आहे.

बाईंचं नाव बार्बरा मॅक्लिंटॉक. जन्म १९०२ चा. न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथं त्या स्वतः मका लावत, कणसांना पिशव्या बांधत आणि हातानं परागसिंचन करत. १९४० नंतरच्या दहा वर्षांत त्यांनी ताडलं, की काही जनुकं एका जागी बसून राहत नाहीत. रंगसूत्रावर इकडून तिकडं उडी मारतात.

हे कसं, ते आपल्या पाटावरून समजून घेऊ. दारं धरताना एखादा वाफा कोरडा राहिला, तर आपण दांडानं उलट चालत जातो. कुठंतरी गवताचा बोळा अडकलेला असतो. तो निघाला की पाणी पुन्हा चालू होतं, आणि तोच बोळा वाहत जाऊन दुसरीकडं अडकतो. उडतं जनुक म्हणजे असा बोळा. रंगाच्या जनुकात तो अडकला, की दाण्याचा रंग जातो. दाणा भरताना काही पेशींतून तो निघाला, की तेवढ्याच जागी रंग उमटतो. लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर बारीक.

१९५१ साली बाईंनी हे शास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं. पुष्कळांना ते पटलं नाही. बाईंनी वाद घातला नाही, पण काम सोडलं नाही. १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आता खरी उपयोगाची गोष्ट. बोळा सापडला, की कोणता दांड कोणत्या वाफ्याला पाणी देतो तेही कळतं. मक्यात हजारो जनुकं. त्यातलं नेमकं एक शोधायचं कसं? १९८३ साली मक्यातलं एक उडतं जनुक वेगळं काढता आलं. बोळा ओळखीचा झाला. १९८४ साली नीना फेडोरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच खुणेवरून दाण्याच्या रंगाचं एक जनुक शोधून वेगळं केलं.

त्यानंतर पाळी आली रोगाची. मक्याच्या पानांवर डाग पाडणारी आणि कणीस काळं करणारी एक बुरशी आहे. ती विष सोडते. जोहल आणि ब्रिग्ज या शास्त्रज्ञांनी, ज्यात उडती जनुकं आहेत अशा रोगप्रतिकारक मक्याचा संकर रोगाला बळी पडणाऱ्या मक्याशी केला. संकराची सारी रोपं निरोगी निघायला हवी होती. थोडी मात्र रोगट निघाली. आपण ती उपटून फेकली असती. त्यांना हवी होती ती नेमकी तीच! प्रतिकाराच्या जनुकात बोळा अडकला होता म्हणूनच ती आजारी पडली होती. बोळ्याच्या खुणेनं १९९२ साली ते जनुक वेगळं झालं. बुरशीचं विष निकामी करणं, हे त्याचं काम. वनस्पतीतलं रोगप्रतिकारक जनुक वेगळं काढण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी मॅक्लिंटॉक बाई वारल्या. १९९४ साली मक्यातलंच उडतं जनुक टोमॅटो आणि तंबाखूत घालून तिथलीही रोगप्रतिकारक जनुकं शोधली गेली.

बंधूंनो, प्रत्येक रंगीत दाणा उडत्या जनुकाचा नसतो. शेजारच्या मक्याचे पराग येऊनही दाण्याचा रंग बदलतो. पण सगळं पीक रोगानं झोपलं आणि एकच झाड ताठ उभं राहिलं, तर ते कापणीत मिसळू नका. त्याला दोरा बांधा, बी वेगळं ठेवा आणि आपल्या कृषी अधिकाऱ्याला दाखवा. वेगळं दिसलेलं टाकून देण्याआधी एकदा नीट बघावं, एवढंच या हकिगतीतून घ्यायचं.