मनाच्या डॉक्टरची पाटी कोणी लावावी?

बारावीचे निकाल लागले की ओळखीतले फोन सुरू होतात. "भाऊ, पोरगी म्हणते सायकॉलॉजिस्ट व्हायचं. काय करा लागते?" आधी हा प्रश्न अमरावतीहून यायचा, आता अचलपूर-परतवाड्यातूनच येतो. पोरं या वाटेनं जायला तयार आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण ही वाट कशी तयार झाली आणि ती इतकी अरुंद का, हे समजून घ्यायला मागं जावं लागते. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

इंग्रजांच्या काळात मनाच्या आजाराला एकच उत्तर होतं, भिंतीआड ठेवा. नागपूरचं मनोरुग्णालय 1864 चं. आपल्या वऱ्हाडातला पेशंट तेव्हाही नागपूरलाच जायचा आणि आजही प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं की नागपूरच. 1912 च्या कायद्याचं नावच 'लुनसी अ‍ॅक्ट', म्हणजे वेड्यांचा कायदा. बोलून, ऐकून माणूस बरा करता येतो, असं मानणारा माणूस त्या व्यवस्थेत नव्हताच.

मानसशास्त्र शिकवणं सुरू झालं ते कॉलेजात. कलकत्ता विद्यापीठात 1916 साली देशातला पहिला स्वतंत्र विभाग निघाला. पण ते होतं प्रयोगशाळेचं शास्त्र, दवाखान्याचं नाही. आपल्या राज्यात हे शास्त्र माणसांपर्यंत आलं मुंबईत. 1936 साली टाटांच्या पैशातून समाजकार्याची संस्था उभी राहिली, तीच आजची टीस. तिच्यामार्फत 1937 मध्ये मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू झालं. 1938 मध्ये जे.जे. रुग्णालयात डॉ. मसानींनी मनोविकारांची ओपीडी उघडली. म्हणजे भिंतीआड न टाकता, सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येईल असा इलाज.

पण हे काम करणारा माणूस तयार कुठं होणार? 1946 च्या भोर समितीनं हिशेब मांडला, तेव्हा अख्ख्या देशात मनोरुग्णांसाठी खाटा जेमतेम दहा हजार होत्या. माणसं घडवणारी संस्था हवी, असं समितीनं सांगितलं. त्यातून 1954 साली बंगळुरूला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. तीच पुढं 1974 मध्ये निम्हान्स झाली. 1955 पासून तिथं मानसशास्त्राच्या एम.ए. झालेल्यांसाठी दोन वर्षांचा डिप्लोमा होता. वॉर्डात, पेशंटसमोर, वरिष्ठांच्या नजरेखाली शिकायचं. 1962 मध्ये रांचीतही तो सुरू झाला. याच डिप्लोम्याचं पुढं एम.फिल. झालं आणि तीच या धंद्याची मुख्य वाट ठरली.

आता परवान्याची गोष्ट. डॉक्टरांची परिषद वेगळी, वकिलांची वेगळी. मानसशास्त्रज्ञांना स्वतःची परिषद कधी मिळालीच नाही. 1992 साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. मुळात तो अपंगांच्या पुनर्वसनासाठी. त्यात विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ यांच्या रांगेत 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' बसवला गेला. या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असणं, यालाच आपल्याकडं परवाना म्हणायचं. नोंदणी नसताना हे काम केलं तर शिक्षा काय? एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बरोबर वाचलं, एक हजार!

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आणखी पक्की केली. पण 'समुपदेशक' या शब्दाला तसं कुंपण बसलं नाही. म्हणून आठ दिवसांचा कोर्स केलेलाही पाटी लावतो आणि बोटांचे ठसे घेऊन पोराचं करिअर सांगणाराही लावतो. 2021 साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा नवा कायदा झाला. त्यात बाकीचे मानसशास्त्रज्ञ आले, पण अंमलबजावणी रेंगाळली.

त्यातच वाट पुन्हा बदलली. नव्या शैक्षणिक धोरणानं एम.फिल. मोडीत काढलं. या विषयापुरती त्याला 2025-26 पर्यंत मुदतवाढ मिळाली. त्याच्या जागी परिषदेनं चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स आणि दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणलं. म्हणून पालकांनो, प्रवेश घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: या कोर्सला पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का? नुसतं मानसशास्त्रात एम.ए. केलं तर शिकवता येईल, शाळेत काम मिळेल, पण क्लिनिकल परवाना मिळणार नाही. आणि औषध लिहायचं असेल तर वाट वेगळीच आहे, एमबीबीएस करून मग एम.डी.

आता वऱ्हाडाचं बोलू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या आकड्यांनुसार भारतात लाख लोकांमागे 0.07 मानसशास्त्रज्ञ आहेत. म्हणजे 14 लाखांमागे एक. त्या हिशेबानं 28 लाखांच्या आपल्या अमरावती जिल्ह्याच्या वाट्याला दोन येतात. आणि हा तोच जिल्हा, जिथं शेतकरी आत्महत्यांमुळे 2005 साली स्वावलंबन मिशनचं ऑफिस उघडावं लागलं.

परवानाधारक नाहीत म्हणून काम थांबलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. विदर्भातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघर जाऊन ऐकायचं, गंभीर पेशंट डॉक्टरकडं पाठवायचा. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, दीड वर्षात 27 झाले. 2017 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आले. 2015 पासून सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात 14 जिल्ह्यांतल्या आशाताई हेच करत आहेत. मेळघाटात भूमका आणि पडियार तर पिढ्यान् पिढ्या लोकांचं ऐकत आले.

मग परवाना कशाला, असं कोणी म्हणेल. कारण आशाताईनं ओळखलेला पेशंट पुढं कोणाकडं तरी पाठवायचा असतो. तिथं खुर्चीत शिकलेला, जबाबदार धरता येईल असा माणूस हवा. ती खुर्ची रिकामी असली की तिथं कोणीही बसतो, आणि चुकला तर दंड हजार रुपये. माझं म्हणणं एवढंच की आपल्या विद्यापीठानं मान्यताप्राप्त क्लिनिकल कोर्सचा आग्रह धरावा आणि तालुक्याच्या दवाखान्यात पद भरावं. आमदार-खासदारांनी रस्त्यांसोबत हेही मागावं.

तोवर दोन गोष्टी करा. कोणाकडं जाण्याआधी त्यांचा नोंदणी क्रमांक विचारा, खरा माणूस रागावत नाही. आणि घरात कोणी गप्प गप्प झालं असेल तर 14416 वर टेली-मानसला फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलता येते.