बोराटीची वाघीण आणि लोकमताचा माग

4 सप्टेंबर 2018 रोजी महाराष्ट्राचे प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) ए. के. मिश्रा यांनी काढलेला आदेश सावकाश वाचला, की आधी नजरेत भरतो त्यातला क्रम. पांढरकवडा वनविभागातील टी-1 वाघिणीच्या दोन्ही बछड्यांना बेशुद्ध करून पकडावे आणि बचाव केंद्रात हलवावे. वाघिणीलाही बेशुद्ध करून पकडावे. हे प्रयत्न फसले, तरच आणखी मनुष्यहानी टाळण्यासाठी तिला गोळी घालावी. गोळी या आदेशात शेवटच्या पायरीवर आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 ची मांडणीही तशीच आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मनुष्यजीवाला धोकादायक ठरला, तरी त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही, अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटल्याशिवाय त्याला मारता येत नाही.

पुढच्या दोन महिन्यांत या आदेशाभोवती देशभर जे लोकमत उसळले, त्याचा माग कागदांवरून काढता येतो का, हा माझा प्रश्न आहे. वाघीण नरभक्षक होती की नव्हती, हा वाद मी येथे निकालात काढणार नाही. लोकांचे मत कधी, कशाने आणि कोणत्या दिशेला सरकले, एवढेच पाहायचे आहे. त्यासाठी पांढरकवड्याचे प्रकरण फार मोलाचे आहे, कारण यातल्या बहुतेक वळणांना तारीख आहे.

आधी भूगोल. पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे. जवळच सुमारे 148 चौरस किलोमीटरचे टिपेश्वर अभयारण्य. टी-1 मात्र अभयारण्यात राहत नव्हती. तिचा वावर केळापूर आणि राळेगाव तालुक्यांत, गावे, कपाशीची वावरे आणि वनखात्याचे तुटक जंगल एकमेकांत मिसळलेल्या पट्ट्यात होता. हा तपशील पुढच्या प्रत्येक कागदाच्या मुळाशी आहे. अभयारण्यात माणूस वाघाच्या घरात शिरतो, असे म्हणता येते. इथे धुऱ्यावर उभे राहिले, की कोण कोणाच्या घरात आहे हे सांगणे कठीण होते.

वनखात्याच्या नोंदीप्रमाणे या पट्ट्यातला पहिला बळी जून 2016 मधला, बोराटी गावची एक वृद्ध महिला. ऑगस्ट 2018 अखेरपर्यंत बळींची संख्या 13 झाली. हा आकडा पुढे सगळीकडे छापला गेला, पण तो वापरताना त्याचे दोन भाग करायला हवेत. वाघाच्या हल्ल्यात माणसे मेली, हा एक भाग. ती सर्व टी-1 नेच मारली, हा दुसरा. त्याच पट्ट्यात टी-2 हा नरही फिरत होता. काही मृत्यूंच्या बाबतीत जखमांवरच्या लाळेचे डीएनए नमुने तपासले गेले. तेराही प्रकरणांत तसा पुरावा मिळालेला नव्हता, आणि प्राणीमित्रांनी न्यायालयात नेमके यावरच बोट ठेवले. त्यांचा हा आक्षेप पुराव्याच्या दृष्टीने रास्त होता असे मला वाटते. पण ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला टी-1 आणि टी-2 यांतला फरक मत बनवण्यासाठी लागत नव्हता, हेही तितकेच खरे.

गावांचे मत कधी पालटले? मृतांचा तपशील पाहिला, तर त्यात शेतकरी आहेत, गुराखी आहेत, शेतात कामाला गेलेल्या बाया आहेत. यवतमाळचे शेत रानडुकरांपासून राखायचे, तर जागलीला जावेच लागते. भीती 2016 पासून असणारच. तरीही तिने उघड मागणीचे रूप घेतले ते ऑगस्ट 2018 मध्ये, असा माझा तर्क आहे. त्या एका महिन्यात तीन माणसे गेली. शिवाय पुढे कापूस वेचणीचा हंगाम उभा होता. बोंडे फुटायला लागली, की वावरात गेल्यावाचून गत्यंतर नसते. भीती आणि हंगाम यांची गाठ पडली, तेव्हा सहन करण्याची मुदत संपली.

याआधी, जानेवारी 2018 मध्येही वाघिणीला मारण्याचा आदेश निघाला होता. त्याला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आव्हान मिळाले आणि तो अमलात आला नाही. त्या वेळी बाहेर फारशी खळबळ उडालेली दिसत नाही. सप्टेंबरच्या आदेशालाही आव्हान दिले गेले. 6 सप्टेंबरला खंडपीठाने याचिका फेटाळल्या आणि 11 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. कायद्याच्या बाजूने प्रश्न आठवडाभरात मिटला. लोकमताच्या बाजूने तो तिथूनच पेटला. जानेवारी आणि सप्टेंबर यांत काय बदलले होते?

मला दोन गोष्टी दिसतात. सरकारी कागदांत जी टी-1 होती, तिला प्राणीमित्रांनी अवनी म्हटले आणि सप्टेंबरमध्ये हे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत पोचले. ‘लेट अवनी लिव्ह’ ही हाक समाजमाध्यमांवर फिरू लागली. दुसरी गोष्ट बछड्यांची. वाघीण मेली तेव्हा ते जेमतेम दहा-अकरा महिन्यांचे होते, म्हणजे पहिल्या आदेशाच्या वेळी अगदीच लहान. सप्टेंबरच्या आदेशात त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘दोन पिल्लांची आई’ ही ओळख प्राणीमित्रांना शोधावी लागली नाही. ती खुद्द आदेशातच होती.

नाव असलेल्या प्राण्याभोवती दूरवरचे लोकमत गोळा होणे नवे नाही. जुलै 2015 मध्ये झिम्बाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाचा सेसिल हा सिंह एका अमेरिकन शिकाऱ्याने मारला, तेव्हा अमेरिकेत संताप उसळला. त्यावर गुडवेल न्झू या झिम्बाब्वेच्या तरुणाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले, की आमच्या गावात सिंहासाठी कोणी रडत नाही. दोन प्रकरणांत मोठा फरक आहे. सेसिलची शिकार हौसेची होती, टी-1 चा आदेश मनुष्यहानीवरून निघाला. पण एक साम्य महत्त्वाचे आहे. जिथे प्राणी राहतो तिथले मत आणि जिथे वृत्तपत्र छापले जाते तिथले मत यांत अंतर पडते, आणि पहिल्याला दुसऱ्याच्या कागदावर जागा मिळायला न्झू यांच्यासारखा कोणी लिहिणारा लागतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मोहिमेच्या बातम्या एकापुढे एक ठेवल्या, की दोन्हीकडचा धीर कसा सुटत गेला ते दिसते. कॅमेरा ट्रॅप लागले, वनकर्मचाऱ्यांची मोठी फौज उतरली. हत्ती आले. वाघिणीला ओढून आणण्यासाठी कॅल्विन क्लाइनचे ऑब्सेशन हे अत्तर फवारण्यात आले. इंजिन लावलेले पॅराग्लायडर आले, केन कोर्सो जातीचे कुत्रे आले, हैदराबादचे शिकारी शफात अली खान आले. अत्तराच्या बातमीने जगभर कुतूहल जागवले. पण त्याच ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोहिमेतला एक हत्ती साखळी तोडून पळाला आणि त्याने एका महिलेचा जीव घेतला. वाघापासून वाचवायला आणलेल्या जनावराने माणूस मारला. गावांच्या मनावर याचा काय परिणाम झाला, हे सांगणारा थेट कागद माझ्यापुढे नाही. मी एवढाच अंदाज करतो, की ‘पकडा’ या शब्दावरचा उरलासुरला विश्वास तिथे आणखी झिजला असावा.

मग 2 नोव्हेंबरची रात्र. शुक्रवार होता, राळेगावच्या बाजाराचा दिवस, आणि बाजाराहून परतणाऱ्यांच्या वाटेजवळ वाघीण दिसल्याची खबर पथकाला मिळाली. रात्री अकराच्या सुमारास बोराटीच्या जंगलात शफात अली खान यांचे पुत्र असगर अली यांनी तिला गोळी घातली. अधिकृत कथन असे: वनखात्याच्या कर्मचाऱ्याने आधी बेशुद्धीची डार्ट मारली, ती लागली, वाघीण चवताळून उघड्या जीपवर धावून आली आणि स्वसंरक्षणासाठी जवळून गोळी झाडावी लागली.

या कथनाची परीक्षा घेणारा पहिला कागद म्हणजे नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात झालेल्या शवविच्छेदनाचा अहवाल. गोळी डाव्या खांद्यात शिरली होती आणि अंतर्गत रक्तस्राव हे मृत्यूचे कारण होते. अंगावर धावून येणाऱ्या जनावराला गोळी बाजूने कशी लागली, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. डार्ट डाव्या मांडीत होती. बंदुकीतून सुटलेली डार्ट स्नायूत शिरते तेव्हा आत जे घडायला हवे, त्याची खूण तिथे नव्हती. डार्ट नंतर हाताने टोचली असावी, असा संशय त्यातून आला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीनेही प्रश्न तिथेच आणून ठेवला: असगर अली यांना रीतसर अधिकार नव्हता, घटनास्थळी पशुवैद्यक नव्हता, शस्त्र कायदा, भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आणि प्राधिकरणाची स्वतःची कार्यपद्धती यांचा भंग झाला. हा भंग झाला, असे मी खात्रीने मानतो. डार्ट नेमकी केव्हा आणि कोणी टोचली, याबद्दल माझ्याजवळ संशयापलीकडे काही नाही.

लोकमताच्या इतिहासात माझ्या लेखी निर्णायक वळण हेच. 2 नोव्हेंबरपूर्वीची हाक होती ‘लेट अवनी लिव्ह’, नंतरची ‘जस्टिस फॉर अवनी’. पहिली जीव मागते, दुसरी गुन्हेगार मागते. मारावे की नाही, हा प्रश्न दोन न्यायालयांत हरलेला होता. मारले कसे, हा नवा प्रश्न पुराव्यानिशी आला आणि ज्यांचे आधी काहीच मत नव्हते त्यांनाही तो पटण्याजोगा होता. केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी या मृत्यूला उघडपणे हत्या म्हटले आणि वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांना दूर करावे, असे पत्र मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना लिहिले. मुनगंटीवारांनी उलट विचारले, की कुपोषणाच्या बळींसाठी मग मनेका गांधींनी राजीनामा द्यायचा का? एकाच पक्षाचे दोन मंत्री असे आमनेसामने आल्यावर प्रकरण वन्यजीवांच्या बातम्यांतून उठून राजकारणाच्या पानावर गेले. तिथे गेल्यावर तेरा मृतांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जाऊ लागला.

त्याच दिवसांत बोराटीच्या आसपासच्या गावांत फटाके फुटले, मिठाई वाटली गेली. दिवाळी चार-पाच दिवसांवर होती. शहरातल्या वाचकाला ही छायाचित्रे क्रूर वाटली असतील. मला ती वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटतात. गावांनी ट्वीट केले नव्हते, त्यांच्या नावाने देशभर हाक फिरली नव्हती. त्यांचे मत सामूहिकपणे आणि तारखेसह नोंदले गेले ते या फटाक्यांत. त्याचा अर्थ लावताना मात्र जपावे लागते. आनंद वाघीण मेल्याचा होता, की उद्या कापूस वेचायला जाता येईल याचा? छायाचित्र एवढे सांगत नाही. 4 नोव्हेंबरला उत्तर प्रदेशात दुधवा येथे जमावाने एका वाघिणीला ट्रॅक्टरखाली चिरडले. तिथे आदेश नव्हता, न्यायालय नव्हते, डार्टचा वादही नव्हता. राळेगाव-पांढरकवड्याच्या गावांनी दोन वर्षे तसे काही केले नाही. ते सरकारची वाट पाहत राहिले. फटाक्यांच्या छायाचित्राशेजारी ही गोष्टही ठेवली पाहिजे.

पुढे हे कागद चाळणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. 2019 मध्ये याच भागातल्या एका तरुण वाघाने देशाचे मन जिंकले. टिपेश्वरहून निघून तो नऊ महिन्यांत सुमारे 3,000 किलोमीटर फिरला, बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि ‘वॉकर’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्याची अधिकृत ओळख टीडब्ल्यूएलएस-टी1-सी1 अशी आहे. ही टी1 टिपेश्वर अभयारण्यातली, बोराटीची टी-1 निराळी. अवनीच्या नर बछड्यालाही सी-1 म्हटले जाई, त्यामुळे घोटाळा सहज होतो. हा सी-1 जंगलातच राहिला. त्याची बहीण डिसेंबर 2018 मध्ये पकडली गेली, पेंचमध्ये वाढली, मार्च 2021 मध्ये जंगलात सोडली गेली आणि काही दिवसांतच जखमांनी मेली. वॉकरवर देशाने जीव लावला, कारण त्याच्या वाटेत शेते आणि गावे असूनही त्याची ओळख बळींमुळे झाली नाही. वाघाविषयीचे मत वाघ या प्राण्यावर फारसे अवलंबून नसते, अशी शंका त्यावरून येते.

शेवटचा कागद सर्वोच्च न्यायालयातला. फेब्रुवारी 2021 मध्ये अवमान याचिका आली. वाघिणीला मारणाऱ्याचा गौरव झाला, त्याला वाघिणीची चांदीची मूर्ती भेट दिली गेली, हे न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध आहे, असा तिचा रोख होता. शवविच्छेदनात पोटात माणसाचे केस-नखे सापडली नाहीत, म्हणून ती नरभक्षक नव्हती, असाही युक्तिवाद झाला. तो तपासून पाहावा. तिच्या नावावरचा शेवटचा बळी ऑगस्टअखेरचा, मृत्यू 2 नोव्हेंबरचा. मध्ये दोन महिन्यांहून अधिक काळ गेला. त्यामुळे रिकाम्या पोटावरून ती दोषी ठरत नाही, तशी निर्दोषही ठरत नाही. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने 10 फेब्रुवारीला नोटीस काढली. सरकारचे उत्तर आले, की अधिकारी उत्सवात सामील नव्हते, आनंद गावकऱ्यांचा होता. 26 फेब्रुवारीला, मारण्याचा प्रश्न आधीच न्यायालयापुढे येऊन गेल्याचे लक्षात घेऊन, याचिका मागे घेण्याची मुभा मिळाली. गावांचे मत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नोंदीत पोचले ते असे: दुसऱ्या कोणावर ठेवलेल्या आरोपाचा भाग म्हणून, आणि सरकारी वकिलाच्या तोंडून.