भरती, आश्वासन आणि संप : रॉयल इंडियन नेव्हीतील तरुण नाविकाची कारकीर्द (१९३९-१९४६)

प्रस्तावना

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबई बंदरात झालेल्या नाविकांच्या उठावावर पुष्कळ लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक लेखनाचा प्रारंभ १८ फेब्रुवारीच्या सकाळी कुलाब्याच्या 'तलवार' या तळावर नाविकांनी जेवण व काम नाकारले त्या प्रसंगापासून होतो आणि शेवट २३ फेब्रुवारीच्या शरणागतीने होतो. या पाच-सहा दिवसांचे राष्ट्रीय महत्त्व निर्विवाद आहे. परंतु हे नाविक नौदलात आले कसे, कोणत्या वयात आले, त्यांना काय सांगून आणले गेले आणि त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न अशा लेखनात प्रस्तावनेपुरताच येतो. प्रस्तुत लेखात उठावाऐवजी भरती हा केंद्रबिंदू मानला आहे. नोकरीच्या शोधात आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहिले असता १९४६ च्या घटनेचा अर्थ काहीसा वेगळा लागतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पिंपळगाव बसवंतसारख्या, मुंबईपासून सुमारे दोनशे किलोमीटर आत असलेल्या गावाच्या परिसरात या विषयाला आणखी एक संदर्भ आहे. नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही. मात्र लष्कराचा शेजार जुना आहे. देवळालीची छावणी व तोफखाना, १९३७ साली डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशिक येथे स्थापन केलेली भोसला मिलिटरी स्कूल, स्वातंत्र्योत्तर काळातील ओझरचा विमान कारखाना यांमुळे गणवेशाची नोकरी येथे कोणालाच परकी वाटत नाही. द्राक्षाच्या व कांद्याच्या भावावर ज्या घराचे वर्ष अवलंबून असते, त्या घरातील एका मुलाला दरमहा निश्चित पगार मिळणे याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

कोकणचा खलाशी आणि घाटावरचा रंगरूट

ब्रिटिशांच्या हिंदी नौदलाची परंपरा ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनपर्यंत मागे जाते. २ ऑक्टोबर १९३४ रोजी रॉयल इंडियन मरीनचे रूपांतर रॉयल इंडियन नेव्हीमध्ये झाले, तेव्हा तिच्या जहाजांवरील हिंदी नाविकांत रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमानांचे प्रमाण मोठे होते. त्यांच्या घराण्यांत सारंग, तांडेल, खलाशी हे शब्द पिढ्यान्पिढ्या वापरात होते. बाप ज्या बंदरातून गेला त्याच बंदरातून मुलगा जाई. नौदल ही अशा कुटुंबांसाठी परंपरागत व्यवसायाची सरकारी शाखा होती. तेथे कोणी आश्वासनावर विसंबून येत नसे. काय मिळते आणि काय मिळत नाही, हे घरातच ठाऊक असे.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र बदलले. १९३९ साली या नौदलाचे एकूण मनुष्यबळ दोन हजारांच्याही आत होते. युद्ध संपेपर्यंत ते पंचवीस हजारांच्या पुढे गेले. एवढी माणसे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून मिळणे शक्य नव्हते. शिवाय युद्धाचे स्वरूपच पालटले होते. बिनतारी संदेशवहन, रडार, पाणबुडीविरोधी यंत्रणा, टॉर्पेडो या शाखांसाठी इंग्रजी वाचता येणारा, गणित कळणारा, शक्य तर मॅट्रिक झालेला मुलगा हवा होता. 'लढाऊ जमातीं'चा सिद्धान्त भूदलात बराच काळ टिकला; नौदलाला मात्र तो गरजेपोटी बाजूला ठेवावा लागला. मद्रास, बंगाल, पंजाब, मुंबई अशा नाना प्रांतांतून, ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशी मुले आली.

महाराष्ट्रात या काळात सैन्यभरतीविषयी एकवाक्यता नव्हती. काँग्रेसचा युद्धाला विरोध होता. नाशिकजवळच्या भगूरचे वि. दा. सावरकर हिंदू तरुणांनी तिन्ही दलांत शिरावे असा प्रचार करीत होते; डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रयत्नांना यश येऊन १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. या वैचारिक वादाला अभ्यासक्रमात योग्य ते स्थान आहे. परंतु भरती कार्यालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाने यांपैकी कोणाचे भाषण ऐकले होते, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. महागाई, शिक्षण अर्धवट सुटणे आणि घरातील खाणारी तोंडे ही कारणे अधिक साधी आणि बहुधा अधिक खरी आहेत.

प्रशिक्षणाची वाट

नव्या मुलाची वाट साधारणपणे कराचीकडे जाई. मनोरा येथील 'बहादूर' आणि त्यानंतर उभारलेला 'दिलावर' हे अल्पवयीन मुलांच्या प्रशिक्षणाचे तळ होते. तोफांचे शिक्षण देणारा 'हिमालय' आणि रडारचे शिक्षण देणारा 'चमक' हेही कराचीतच होते. मुंबई इलाख्यात कुलाब्याचा 'तलवार' हा संदेशवहनाचा, वर्सोव्याचा 'मछलीमार' पाणबुडीविरोधी युद्धाचा आणि ठाण्याजवळ कोलशेतचा 'अकबर' हा युद्धकाळापुरत्या घेतलेल्या नाविकांचा तळ होता. जामनगरजवळ 'वालसुरा' येथे टॉर्पेडोचे शिक्षण मिळे. लोणावळ्याचा 'शिवाजी' हा यांत्रिकी प्रशिक्षणाचा तळ १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, युद्ध संपण्यास काही महिने उरले असताना, सुरू झाला. जमिनीवरील या सर्व तळांना जहाजाप्रमाणेच नाव असे आणि त्यांचा कारभारही जहाजाच्या रीतीने चाले. भिंतीच्या आत राहणारा मुलगा 'जहाजावर' असे.

या शिक्षणाने दिले काय, याचा विचार न करता केवळ गाऱ्हाणी मोजणे एकांगी होईल. शेतकऱ्याच्या किंवा कारकुनाच्या मुलाला मोर्स लिपी, बिनतारी यंत्र, डिझेल इंजिन यांचे ज्ञान मिळाले. निरनिराळ्या प्रांतांची, जातींची व धर्मांची मुले एका बरॅकीत राहिली, एका ताटात जेवली आणि इंग्रजी मिश्रित हिंदुस्थानीत बोलू लागली. त्यांनी पराक्रमही केला. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात 'बेंगाल' या छोट्या सुरुंगशोधक जहाजाने एका डच तेलवाहू जहाजासह दोन मोठ्या जपानी सशस्त्र जहाजांना तोंड दिले आणि त्यांपैकी एक बुडाले. त्या जहाजावरील हिंदी नाविकांचे वय लक्षात घेता ही घटना सामान्य म्हणता येत नाही.

तथापि बरॅकीतील समतेलाही मर्यादा होत्या. शौचालये साफ करणाऱ्यांसाठी नौदलात 'टोपस' नावाचा स्वतंत्र वर्ग होता. जात समुद्रावर जाताना किनाऱ्यावर उतरत नाही, हे त्यावरून दिसते. नौदलविषयक लेखनात या वर्गाचा उल्लेख तळटिपेपलीकडे क्वचितच येतो.

आश्वासन आणि अनुभव

उठावानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फझल अली होते. आयोगासमोर आलेल्या कारणांत निकृष्ट अन्न, ब्रिटिश व हिंदी नाविकांच्या वेतनातील व सोयींतील तफावत, अधिकाऱ्यांची शिवराळ वागणूक आणि नौदलातून मुक्त करण्यातील गोंधळ ही कारणे सर्वपरिचित आहेत. त्यांच्या जोडीला भरतीच्या वेळी दिलेली खोटी किंवा अतिरंजित आश्वासने हेही कारण पुढे आले. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने हे शेवटचे कारण पहिले आहे. कारण बाकीची गाऱ्हाणी ज्या मापाने मोजली गेली ते माप भरतीच्या दिवशीच नाविकाच्या हाती दिले गेले होते. चांगला पगार, हाती कसब, जगाचा प्रवास आणि युद्धानंतर उज्ज्वल भवितव्य असे चित्र त्याला दाखविले होते. कोकणातल्या खलाशाच्या मुलाने डाळीतील खडे कदाचित मुकाट्याने वेचले असते. मॅट्रिक झालेल्या मुलाने करार वाचला होता.

असंतोष एकाएकी भडकला असेही नाही. १९४२ ते १९४५ या काळात रॉयल इंडियन नेव्हीच्या जहाजांवर व तळांवर लहानमोठे नऊ उठाव झाले होते. ते दाबून टाकले गेले आणि बाहेर फारसे कळले नाहीत. युद्ध संपल्यावर मात्र नवाच प्रश्न उभा राहिला. ज्यांना युद्धकाळापुरते घेतले होते त्यांना घरी धाडायचे होते आणि घरी त्यांच्यासाठी काम नव्हते. बिनतारी संदेश चालविणाऱ्या शेकडो तरुणांना मुलकी जीवनात कोण ठेवून घेणार? सुटकेची वाट पाहत 'तलवार'वर खोळंबलेले नाविक हे अर्धे शिपाई व अर्धे बेकार होते.

'तलवार'वरील हालचालींचे एक सूत्रधार बलाईचंद्र दत्त हे बंगालमधून आलेले बिनतारी शाखेचे नाविक होते. १ डिसेंबर १९४५ च्या नौदल दिनापूर्वी तळाच्या भिंतींवर 'क्विट इंडिया'सारख्या घोषणा रंगविल्या गेल्या. फेब्रुवारी १९४६ च्या प्रारंभी सरसेनापती ऑकिन्लेक यांच्या भेटीच्या वेळी पुन्हा तोच प्रकार घडला आणि दत्त पकडले गेले. तळाचे प्रमुख कमांडर किंग यांनी नाविकांना उद्देशून वापरलेल्या अपशब्दांनी ठिणगी पडली. १८ तारखेला नाविकांनी अन्न व काम दोन्ही नाकारले. दुसऱ्या दिवसापासून हे लोण बंदरातील जहाजांत आणि इतर तळांवर पसरले. पुढे ७८ जहाजे, २० तळ आणि सुमारे २०,००० नाविक त्यात सामील झाले. नेतृत्व करणारे एम. एस. खान आणि मदनसिंग हेही पंचविशीच्या आसपासचे, संदेशवहन शाखेतील नाविक होते. ज्या शाखेसाठी शिकलेली मुले शोधून आणली, त्याच शाखेतून नेते निघाले आणि जहाजाजहाजांवर निरोप पोहोचविण्याचे साधनही त्यांच्याच हाती होते.

'संप' या शब्दाचे महत्त्व

सरकारी कागदांत या घटनेला 'म्युटिनी' म्हटले गेले. राष्ट्रीय इतिहासलेखनात 'बंड' व 'उठाव' हे शब्द रूढ झाले. नाविकांनी स्वतः स्थापन केलेल्या समितीचे नाव मात्र 'नेव्हल सेंट्रल स्ट्राइक कमिटी', म्हणजे मध्यवर्ती संप समिती असे होते. हा शब्द गिरणगावाच्या शहरात निवडला गेला होता. समितीच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या व इतर राजकीय कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य माघारी बोलावणे या राजकीय मागण्या होत्या. त्यांच्याच रांगेत चांगले अन्न, ब्रिटिश नाविकांइतके वेतन व भत्ते आणि लवकर सुटका या मागण्याही होत्या. इतिहासकार यांपैकी पहिल्या गटाला उदात्त आणि दुसऱ्याला क्षुद्र मानत आले आहेत. नाविकांनी असा भेद केलेला दिसत नाही. समान कामाला समान भाकरी मागणे आणि परक्या सत्तेला नकार देणे या त्यांच्या दृष्टीने एकाच गाऱ्हाण्याच्या दोन बाजू होत्या.

गिरणी कामगारांना हे चटकन समजले. २१ फेब्रुवारीला कॅसल बॅरॅक्समध्ये नाविक व लष्कर यांच्यात गोळीबार झाला. बॅरॅक्सभोवती पहाऱ्यास मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. एकाच प्रांतातील दोन भरती कार्यालयांतून निघालेली मुले तेथे समोरासमोर आली असल्यास नवल नाही. व्हाइस ॲडमिरल गॉडफ्रे यांनी नौदल नष्ट झाले तरी चालेल, अशी धमकी आकाशवाणीवरून दिली. २२ तारखेला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेनुसार मुंबईत हरताळ झाला. लष्कर व पोलीस यांच्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. परळ भागात मृत्युमुखी पडलेल्या कमल दोंदे त्यांपैकीच एक होत्या. सरदार पटेल यांनी शरण जाण्याचा सल्ला दिला, सूडबुद्धीने कारवाई होऊ देणार नाही असे सांगितले आणि २३ तारखेस नाविकांनी काळे निशाण उभारले.

हे दुसरे आश्वासनही पाळले गेले नाही. ४७६ नाविकांना नोकरीतून काढण्यात आले. १९४७ नंतर भारत वा पाकिस्तान यांपैकी कोणत्याच देशाच्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही. शिस्तीचा प्रश्न होता, हे स्पष्टीकरण अगदीच निराधार नाही. नव्या राष्ट्राला आज्ञाधारक नौदल हवे होते. परंतु वयाच्या विशीत कारकीर्द संपलेल्या तरुणाला ते पुरेसे वाटले नसणार. दत्त यांनी पुढे पत्रकारितेत व नंतर जाहिरात व्यवसायात आयुष्य काढले आणि १९७१ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. सहभागी नाविकांना स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन पुढे मिळू लागले. नौदलाने कालांतराने दोन टग बोटींना मदनसिंग व बी. सी. दत्त यांची नावे दिली आणि २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथात १९४६ चा उठाव दाखविला. कॅसल बॅरॅक्सच्या जागी 'आय.एन.एस. आंग्रे' हा तळ आहे.

फाळणीनंतरची भरती

फाळणीत कराचीचे बहुतेक सर्व प्रशिक्षण तळ पाकिस्तानकडे गेले. मुलांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था भारताला विशाखापट्टणम येथे नव्याने करावी लागली; १९८० मध्ये ओडिशातील चिलिका सरोवराकाठी 'आय.एन.एस. चिल्का' सुरू झाले आणि नव्या नाविकाचे पहिले पाऊल तेथे पडू लागले. मधल्या दशकांत नाविकाची नोकरी ही दीर्घ मुदतीची, निवृत्तिवेतनाची आणि गावात प्रतिष्ठा देणारी झाली. घाटावरच्या गावांतही कारवार, कोची, विझाग ही नावे घरोघरी पोहोचली ती अशा नोकरदारांमुळे.

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. साडेसतरा ते एकवीस वर्षे वयाच्या तरुणांना चार वर्षांसाठी 'अग्निवीर' म्हणून घ्यावे, त्यांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करावे आणि उरलेल्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी देऊन, निवृत्तिवेतनाविना, मुक्त करावे अशी तिची रचना ठरली. २८ मार्च २०२३ रोजी 'चिल्का' येथे सुमारे २,६०० अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे दीक्षान्त संचलन सूर्यास्तानंतर झाले. त्यात २७० हून अधिक मुली होत्या. १९३९ च्या भरतीत हे कल्पनेतही नव्हते. १९४६ च्या वसाहती नौदलाशी आजच्या नौदलाची तुलना करणे अनैतिहासिक ठरेल. वंशभेदाचे वेतन आणि शिव्या हा इतिहास झाला आहे. युद्धकाळापुरते घेतलेल्या नाविकाचा एक प्रश्न मात्र वेगळ्या स्वरूपात परत आला आहे. चार वर्षांनी, बाविसाव्या किंवा तेविसाव्या वर्षी, हाती कसब आणि काही रक्कम घेऊन गावी परतणाऱ्या चारांपैकी तिघांचे काय? राखीव जागा व प्राधान्याच्या घोषणा झाल्या आहेत. निफाड तालुक्यातील रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या मुलांना त्या घोषणा पाठ आहेत.