कुत्र्याला कोंडवाडा नव्हता
'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक ग्रंथात तगर म्हणून नोंदलेल्या तेरसारख्या जुन्या गावात जनावरांवरून शेजाऱ्यांत भांडणं होणारच. काही मिटतात, काही पिढ्यान्पिढ्या चालतात. या फरकाचं एक मूळ मला कायद्यात दिसतं. ब्रिटिश मुलखातल्या 1871 च्या कायद्याने पिकात शिरलेली म्हैस, शेळी, डुक्कर, गाढवही चोवीस तासांत कोंडवाड्यात धाडायची सोय केली. दंड भरला की जनावर परत, तंटा खलास. तेर तेव्हा निजामाकडे होतं. पुढे कोंडवाडा इथेही ग्रामपंचायतीकडे आला. पण 1871 च्या यादीत कुत्रा नाही, कोंबडीही नाही. परसातली मेथी कोंबडीने उकरली, तर दाद शेजाऱ्याच्या दारातच मागायची. मोकाट कुत्र्याला धनीच नसतो, दंड कुणाला करणार, असं कुणी म्हणेल. पण रोजची भाकरी कुणाच्या उंबऱ्यावरून पडते, हे गल्लीला ठाऊक असतं. भटक्या कुत्र्यांबाबतचे 2023 चे नियमही नसबंदी आणि लस करून कुत्रं त्याच गल्लीत सोडायला सांगतात. त्यामुळे भाकरी घालणाऱ्यावर काही जबाबदारी टाकणं रास्तच आहे.