वाट पाहणाऱ्यांचे वाङ्मय

माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला मुक्काम करते. अशा गावात बसून ख्रिस्ती सबुरीवर प्रस्तावना लिहायची म्हणजे आडवाटेने जाणे, असे कुणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. आपण तुकोबांच्या आधाराने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, हे कवी ना. वा. टिळक उघड सांगत.

या विषयात नव्याने येणाऱ्यांनी ईश्वरविज्ञानाचे जाडजूड ग्रंथ तूर्त बाजूला ठेवावेत आणि टिळकांचेच घर गाठावे. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतल्या एका युरोपियनाने त्यांच्या हाती बायबल ठेवले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. रूढ चरित्रकथन इथे कळस गाठते. आपला अभ्यास इथून सुरू होतो.

कारण टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर त्या बातमीने आभाळ कोसळले. पुढे बराच काळ त्या बहिणीकडे पंढरपुरात होत्या. नंतर नगरला नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळक स्वभावाने तापट, पण या एका बाबतीत त्यांनी घाई केली नाही. आधी बाईंच्या मनातली जात गेली, बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ही पाच वर्षे रडण्यासकट आणि हसण्यासकट उतरली आहेत. देवाचा कौल तिथे आकाशवाणीसारखा येत नाही. चूल, घागर आणि नवराबायकोची भांडणे यांतून तो हळूहळू उमगत जातो. मिशनच्या अहवालांत असली वर्षे मावत नाहीत.

सबुरी म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, हा समज पंडिता रमाबाई मोडून काढतात. त्यांचा बाप्तिस्मा 1883 चा. ख्रिस्त खऱ्या अर्थाने गवसला तो आठेक वर्षांनी, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. मधल्या काळात, 1889 मध्ये, विधवांसाठीचे त्यांचे शारदा सदन उभे राहिले होते! आतला उजेड पडेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांना वाटले नाही.

आणि लोणंदच्या वाचकाला तर फार लांब जायला नको. 1917 मध्ये टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा न झालेल्यालाही तिथे ख्रिस्ताचा शिष्य म्हणून जागा होती. उंबरठ्यावर थांबलेला माणूस आतला समजायचा की बाहेरचा, हा मिशनच्या चौकटीत न बसणारा प्रश्न त्यांनी उघडा करून ठेवला. या ग्रंथाचे पहिले प्रकरण त्याच प्रश्नावर आहे.