एक पिढी उशिरा पोचणारा सल्ला

मॅट्रिकनंतर मुलाने काय करायचं, हे ठाणे-कल्याण पट्ट्यात पहिल्यापासून आगगाडीने ठरवलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात रूळ कल्याणला पोचले. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ ची. म्हणजे रूळ आणि मॅट्रिक जवळजवळ एकाच वयाचे, आणि या दोघांनी मिळून इथला पांढरपेशा वर्ग घडवला. कल्याणहून मुंबईचं टोक ५४ किलोमीटरवर, ठाण्याहून ३४. त्या टोकाला पेढ्या, गोद्या, सरकारी कचेऱ्या आणि खुद्द रेल्वेची कार्यालयं. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा, वेळेवर येणारा माणूस त्यांना हवा होता. तेव्हा ‘मॅट्रिक हो आणि मुंबई गाठ’ हा सल्ला त्या काळात अगदी बरोबर होता. अडचण सल्ल्यात नव्हती, त्याच्या आयुष्यात होती. तो ज्या नोकरीकडे बोट दाखवत होता ती आटल्यानंतरही तो वीस-पंचवीस वर्षं घराघरांत दिला जात राहिला. या पट्ट्याचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर निकालानंतरचा प्रत्येक खात्रीचा सल्ला असाच एक पिढी उशिरा पोचलेला दिसतो.

टायपिंगचंच घ्या. १९५६ मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, १९६९ मध्ये चौदा बँकांचं. मधल्या काळात, १९५९ च्या कायद्याने, मालकांना रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक झालं. मुंबईची भाडी आणि पागड्या न परवडणारा कारकून डोंबिवलीत चाळीत, मग ओनरशिपच्या दोन खोल्यांत येऊन राहिला. त्याच्या मुलासाठी एसएससी, मग टायपिंग, जमलं तर शॉर्टहँड, आणि एक्स्चेंजमध्ये नाव असा क्रम ठरून गेला. स्टेशनजवळच्या पहिल्या मजल्यावरचा क्लास, रांगेने मांडलेली रेमिंग्टन-गोदरेजची यंत्रं, तासाची बॅच, पहिले कित्येक दिवस डाव्या-उजव्या बोटांनी नुसते अक्षरांचे निरर्थक पुंजके बडवायचे, किल्ल्यांकडे पाहिलं की सर ओरडणार. मग तीसचा स्पीड, चाळीसचा स्पीड, राज्य परीक्षा परिषदेचं प्रमाणपत्र. एक्स्चेंजचं कार्ड ठरावीक मुदतीने रिन्यू करायचं आणि कॉलची वाट पाहायची. हसण्यासारखं यात काही नाही. हजारो घरं या दोन कागदांवर उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली, कर्जाचे हप्ते फिटले. मुलींसाठी तर घराबाहेर पडून पगार मिळवण्याचा हा पहिला सर्वमान्य रस्ता होता.

पण १९८० च्या दशकात बँकांमध्ये संगणकीकरणाचे करार झाले, पुढच्या दशकात कारकुनांची भरती रोडावली, आणि २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतल्या सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तोवर टायपिंगच्या क्लासांच्या बॅचेस भरतच होत्या. वडील ज्या जिन्याने वर चढले, तो जिना मागून काढून घेतला जातोय हे घरातल्या कुणाला दिसलं नाही. दिसणार कसं? वडील अजून नोकरीत होते, आणि त्यांच्या पगाराकडे पाहता सगळं ठीकच चाललं होतं.

दुसरी गोष्ट कारखान्यांची, आणि ती जास्त बोचणारी आहे. ठाण्यात रेमंडची गिरणी १९२५ पासून होती. अंबरनाथला विम्कोचा काडेपेटीचा कारखाना, पुढे आयुध निर्माणी. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी. ठाकुर्लीजवळ चोळ्याचं रेल्वेचं वीजघर. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झालं आणि त्याच्या कामाची सुरुवात ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून झाली. पाठोपाठ डोंबिवलीतही एमआयडीसी आली. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. म्हणजे फिटर, टर्नर, वायरमन यांना मागणी होती, शिकवायला आयटीआय होत्या आणि कारखाना सायकलवरून जाता येईल इतका जवळ होता. नेमक्या त्याच काळात डोंबिवलीच्या टिळकनगरातल्या आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या पांढरपेशा घरांत आयटीआय ही नापास झालेल्यांची, ‘डोकं नसलेल्या’ मुलांची जागा मानली जात होती. तिथे गेली ती गावठाणांतली, कामगार वस्त्यांतली, कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कुटुंबांतली मुलं. कंपनीत कायम झाल्यावर त्यांतल्या अनेकांचा पगार ओव्हरटाइम आणि बोनस धरून फायलींमध्ये डोकं घातलेल्या शेजाऱ्यापेक्षा वर गेला. ही गोष्ट डोंबिवलीने कधी मोठ्याने कबूल केली नाही. पुढे ‘हातात कला हवी’ हे पांढरपेशा घरांतही म्हटलं जाऊ लागलं, तेव्हा दारं मिटायला लागली होती. प्रीमियरच्या डोंबिवलीजवळच्या कारखान्यातलं प्यूजो मोटारींचं उत्पादन १९९० च्या दशकातच थांबलं. २००९ मध्ये रेमंडची ठाण्यातली गिरणी बंद झाली, त्याच वर्षी एनआरसीला टाळं लागलं. रेमंडच्या जागेवर आज निवासी मनोरे आहेत.

डी.एड.ची कथा याहून छोटी आणि याहून कठोर आहे. बारावीनंतर दोन वर्षांत शिक्षक, हा सल्ला विशेषतः मुलींना इतका दिला गेला की राज्यभर डी.एड. विद्यालयांचं पीक आलं. २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली आणि काही वर्षांत त्यांतली कित्येक विद्यालयं विद्यार्थ्यांअभावी बंद झाली. १९८३ पासून निघालेल्या विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचंही थोड्याफार फरकाने तेच झालं. डोनेशन देऊन मिळवायच्या जागा पुढे रिकाम्या राहू लागल्या.

यावर कुणी म्हणेल, आई-वडिलांना भविष्य कसं कळणार? त्यांनी डोळ्यांसमोर जे यशस्वी झालेलं पाहिलं तेच सांगितलं. मान्य. त्यांना दोष द्यायचा प्रश्नच नाही. पण डोळ्यांसमोर यशस्वी दिसणारा माणूस वीस वर्षांपूर्वी त्या रस्त्याला लागलेला असतो, एवढं तरी ध्यानात ठेवायला ज्योतिष लागत नाही. कारखान्याबद्दलच्या अढीला दुसरंही कारण आहे आणि ते खोटं नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला आणि २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत. दोन्ही वेळा माणसं गेली, आणि दुसरा स्फोट तर बारावीचा निकाल लागलेला व दहावीचा चार दिवसांवर आलेला असताना. त्या आठवड्यात कुठल्या आईने मुलाला केमिकल प्लँटकडे पाठवलं असतं? मात्र या भीतीचा रोख कारखाना चालवणाऱ्यांकडे आणि तपासणी करणाऱ्यांकडे असायला हवा. वेल्डिंग किंवा इन्स्ट्रुमेंटेशन शिकण्यावर तिने काट मारायचं कारण नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप सायन्सवाल्यांचा आहे. सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे राहतात, पुढे कॉमर्स-आर्ट्सलाही जाता येतं. उलट प्रवास होत नाही, असं ते म्हणतात. नियम म्हणून हे खरं आहे. बारावी कॉमर्सवाल्याला अभियांत्रिकी किंवा मेडिकलचं दार बंद असतं. पण दार उघडं असणं वेगळं आणि त्यातून जाता येणं वेगळं. ज्या मुलाला गणित झेपत नाही त्याला सायन्सला घालायचं, कॉलेजात नावापुरता प्रवेश आणि शिकवणी इंटिग्रेटेड क्लासमध्ये अशी दोन वर्षं काढायची, लाखांत फी भरायची आणि बारावीनंतर पुन्हा शून्यावर यायचं, यात उघडं राहिलेलं दार फारसं कामाला येत नाही. दहावीचे टक्केही आता दिशा दाखवत नाहीत. २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला, २०२५ मध्ये ९४.१० टक्के. जवळजवळ सगळेच उत्तीर्ण होतात तेव्हा निकालावरून मुलाचा कल कळत नाही. कळतो फक्त कुठल्या कॉलेजचा कटऑफ गाठता येईल एवढा आकडा.

मग आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे हमी का? तसंही नाही. २० मार्च २०१८ ला रेल्वेत शिकाऊ उमेदवारी केलेल्या शेकडो तरुणांनी माटुंगा-दादर दरम्यान ऐन गर्दीच्या वेळी रुळांवर ठाण मांडलं. मागणी होती नोकरीत सामावून घेण्याची. त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतंच, रेल्वेत अप्रेंटिस लागलास की आयुष्य मार्गी लागलं. एका मालकाच्या भरवशावर दिलेला सल्ला टायपिंगचा असो वा फिटरचा, तो मालक जितका टिकतो तितकाच टिकतो.

या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या खरोखर कामी आली ती कमाई आणि शिक्षण एकमेकांपासून न तोडण्याची सोय. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते सकाळच्या वर्गांसह, नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून. कॉलेज आणि कचेरी रुळांच्या एकाच टोकाला असल्याने कल्याणचा कारकूनही अंधारात गाडी पकडून आधी वर्ग आणि मग हजेरीपट असं करू शकत होता. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालयं १९६९ ला आणि कल्याणात बिर्ला कॉलेज १९७२ ला सुरू झालं. मुंबईला पाठवायला घरचे तयार नसलेल्या मुलींना त्याचा साहजिकच मोठा फायदा झाला. विद्यापीठाचं पत्रद्वारा शिक्षण १९७१ चं, नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ चं. अशा मार्गांनी गेलेल्या माणसाची पहिली निवड चुकली तरी ती दुरुस्त होत होती. १९७५ च्या नव्या आकृतिबंधाने अकरावीची एसएससी दहावीवर आली आणि पहिली निवड पंधरा-सोळाव्या वर्षीच करायची वेळ आली. ती दुरुस्त करता येण्याची गरज त्यामुळे वाढली. आपण मात्र ती आयुष्यभराची समजून करायला लागलो.

दुरुस्तीचे रस्ते आजही आहेत, प्रवेशाचा अर्ज भरताना कुणी बघत नाही इतकंच. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि डिप्लोमावाल्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. गणित कच्चं असेल तर ही वाट दमवते, हेही सांगायला हवं. शिवाय ती थोडी लांबही आहे: दोन, दोन आणि तीन अशी एकूण सात वर्षं होतात. अकरावी-बारावी करून अभियंता व्हायला सहा लागतात.