उरण तालुक्यातील खारभूमी, खारफुटी आणि किनारी प्रशासन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मुंबई बंदराच्या पूर्वेस, धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेला उरण तालुका हा रायगड जिल्ह्यातील सर्वाधिक स्थित्यंतरे अनुभवलेला किनारी प्रदेश होय. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी या तीन व्यवसायांवर येथील आगरी, कोळी व कराडी समाजांचे जीवन पिढ्यानपिढ्या आधारलेले होते. हे तिन्ही व्यवसाय भरती-ओहोटीच्या पाण्याच्या नियमनावर अवलंबून होते. या पाण्याचे नियमन कोणी व कसे केले, याचा ऐतिहासिक मागोवा घेऊन हवामान बदलाच्या काळात त्याचे महत्त्व तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खारभूमीची पारंपरिक व्यवस्था

खाडीकाठच्या खाजणांना बांध घालून भातजमीन तयार करण्याची पद्धत उत्तर कोकणात जुनी आहे. शिलोत्री पद्धतीत बाहेरील बांधाची देखभाल हे शिलोत्रदाराचे कर्तव्य असे आणि त्याच्या मोबदल्यात तो कुळांकडून दर बिघ्यामागे ठरावीक भात घेत असे. बांधातील उघाडी भरतीच्या वेळी मिटे व ओहोटीला उघडून पावसाचे पाणी खाडीत सोडी. बांधाला खांड पडल्यास खारे पाणी शिवारात शिरून जमीन काही हंगाम नापीक होई. त्यामुळे दुरुस्तीस विलंब कोणालाच परवडणारा नव्हता. बांधाबाहेरच्या चिखलात व खारफुटीत चिंबोरी, निवट्या, कालवे आणि जिताडा मिळत. मिठागरांचे गणितही भरतीच्याच पाण्यावर चाले.

ही व्यवस्था समतेची होती असे मात्र म्हणता येत नाही. शिलोत्रदाराचा वाटा कुळाच्या श्रमातून निघे आणि खाडीत मासेमारी करणाऱ्या कोळ्यांचा हक्क महसुली दप्तरात क्वचितच नोंदला जाई. तिचे वैशिष्ट्य इतकेच, की लाभ व जबाबदारी परस्परांशी बांधलेल्या होत्या. १९४८ च्या मुंबई खारभूमी कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्याने बांधांची जबाबदारी क्रमाने शासकीय यंत्रणेकडे गेली.

भूसंपादन आणि बंदर

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी अधिसूचित करण्यात आल्या. अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आकारास आले. परंतु या धोरणाचा आधार सातबारावरील मालकी हा होता. ज्यांची उपजीविका खाडीच्या पाण्यावर होती, पण ज्यांच्या नावे जमीन नव्हती, त्यांची हानी या हिशेबात बसली नाही.

१९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर कार्यान्वित झाले. बंदरासाठी विस्थापित झालेल्या शेवा गावातील कोळी कुटुंबांचे हनुमान कोळीवाडा येथे पुनर्वसन करण्यात आले. तेथील घरांना वाळवी लागल्याने पुन्हा पुनर्वसनाची मागणी त्यांना दीर्घकाळ करावी लागली. भराव, रस्ते आणि गोदामे यांमुळे खाडीच्या अनेक उपशाखांतील पाण्याची ये-जा खुंटली.

कायदा आणि न्यायालयीन हस्तक्षेप

१९९१ ची किनारी नियमन क्षेत्र अधिसूचना, तिच्या २०११ व २०१९ मधील सुधारित आवृत्त्या, खारफुटीच्या तोडीस मनाई करणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश व २०१८ चा अंतिम निर्णय, तसेच २०१२ मध्ये स्थापन झालेला राज्याचा कांदळवन कक्ष हे या क्षेत्रातील महत्त्वाचे टप्पे होत. यांतून झाडांना संरक्षण लाभले, परंतु झाडांना जगविणाऱ्या प्रवाहाला तितकेसे लाभले नाही. द्रोणागिरी नोडमधील पाणजे पाणथळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. स्थलांतरित पक्ष्यांचे आश्रयस्थान असलेल्या या क्षेत्रात भरतीचे पाणी येण्याचे मार्ग बंद करण्यात आल्याच्या तक्रारी पर्यावरण संस्थांनी वारंवार केल्या आहेत. कुऱ्हाड न चालवताही पाणथळ कोरडी पडू शकते.

या दृष्टीने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाचा २७ फेब्रुवारी २०१५ चा निर्णय लक्षणीय ठरतो. उरण परिसरातील १,६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश त्यात होता. जमिनीची मालकी नसलेल्यांची हानीदेखील हानीच आहे, हे तत्त्व त्याद्वारे मान्य झाले.

हवामान बदलाचा संदर्भ

आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जागतिक समुद्रपातळी सुमारे २० सेंमी वाढली असून २००६ ते २०१८ या कालखंडात वाढीचा वेग वार्षिक ३.७ मिमी होता. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्याची असुरक्षितता स्पष्ट केली. समुद्रपातळी वाढली की उघाडीतून पाणी निघण्याचा ओहोटीचा अवधी घटतो. अतिवृष्टी व मोठी भरती एकाच वेळी आल्यास पाणी गावातच साचते. खारफुटी गाळ अडवून काही प्रमाणात पातळीशी जुळवून घेते, गरज पडल्यास जमिनीच्या दिशेने सरकतेही. मात्र मागील बाजूस भराव असेल, तर तिला सरकण्यास जागा उरत नाही.

निष्कर्ष

उरणच्या इतिहासातून असे दिसते, की खारभूमी विभाग, सिडको, बंदर प्रशासन, वन विभाग आणि ग्रामपंचायत यांच्यात किनारा विभागला गेला, पण भरतीचे पाणी या हद्दी मानत नाही. जुन्या पद्धतीकडे परत जाणे शक्य नाही, इष्टही नाही. तथापि तिच्यातील एक सूत्र आजही ग्राह्य आहे : पाण्याचा लाभ घेणाऱ्यावर पाण्याच्या मार्गाची जबाबदारी असावी. खाडीच्या प्रत्येक मुखाची, उघाडीची व नाल्याची एकत्रित नोंद ठेवणे, भरावास परवानगी देताना प्रवाहाचा विचार बंधनकारक करणे आणि या निर्णयांत मच्छीमार व शेतकरी यांना अधिकृत स्थान देणे या उपायांचा अग्रक्रमाने विचार व्हावयास हवा. २०२४ मध्ये अटल सेतू व उरणपर्यंतची रेल्वे सुरू झाल्याने येथील जमिनीवरील दबाव वाढणार, हे उघड आहे. अशा वेळी पाण्याचे मार्ग आखणे लांबणीवर टाकल्यास त्याची किंमत पुन्हा ज्यांची नोंद दप्तरात नाही, त्यांनाच मोजावी लागेल.